हायवेला बारा, गावात पंचवीस

जेवणाच्या टेबलावर साडूसाहेबांनी पहिला घास घ्यायच्या आधीच जाहीर केलं की त्यांची नवी गाडी हायवेला लिटरमागे बारा किलोमीटर देते आणि गावात पंचवीस.

सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. एकट्या काटेकोरांचा घास हातातच राहिला.

काटेकोर हे काही त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू तपासणं, पेट्रोलपंपांवर पाच लिटरला पाच लिटरच पडतात की नाही ते पाहणं, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही ते काम डोक्यातून उतरत नसे. दूध आलं की पातेल्यातली रेघ बघायचे, शिंप्याकडून पॅंट आली की टेप काढायचे. त्यामुळे कॉलनीने त्यांना काटेकोर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं चिकटलं की कुरिअरवाला त्यांना काटेकर समजून सह्या घेऊ लागला. त्यांनी दोनदा दुरुस्ती केली, तिसऱ्यांदा सोडून दिलं. आयुष्यात त्यांनी सोडून दिलेली ती बहुधा एकमेव चूक असावी.

तर घास हातात होता आणि डोक्यात एकच विचार फिरत होता. जगातली कुठलीही गाडी मोकळ्या रस्त्यावर जास्त पळते आणि गावातल्या गर्दीत कमी. ही उलटी कशी? सिग्नलला उभी राहिली की हिच्या टाकीत पेट्रोल वाढतं की काय?

साडूसाहेबांच्या बोलण्यात मात्र शंकेला जागा नव्हती. गाडीच्या काचेखालच्या पडद्यावर आकडा दिसतो, त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि एवढ्या किमतीची गाडी खोटं कशाला बोलेल? साडूसाहेबांचा बाथरूमच्या फरशांचा मोठा व्यापार. गाडीही त्याच बेताची होती. काळी, उंच, चढताना पायरी लागावी अशी, आणि इंजिन असं की शर्यतीच्या गाडीने लाजावं.

"तरी महिन्याला टाक्यांवर टाक्या संपत होत्या," साडूसाहेब म्हणाले. "मग माझ्या लक्षात आलं. ड्रायव्हर पेट्रोल काढून विकत होता. गेल्या आठवड्यात हाकलला. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, चोराला माझ्याकडे जागा नाही."

मेहुणी म्हणाली, दिसायला किती साधा होता. त्यावर साडूसाहेबांनी साधी दिसणारी माणसंच कशी बनेल असतात यावर बरंच काही ऐकवलं आणि जेवण संपलं.

पुढच्याच आठवड्यात साडूसाहेब आणि मेहुणी परदेशी असलेल्या मुलीकडे निघाले. गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते, टायर बसतात. ड्रायव्हर तर राहिला नव्हता. तेव्हा दादांनी, म्हणजे काटेकोरांनी, गाडी नेऊन आठवड्यातून एकदोनदा फिरवावी, अशी विनंती झाली. काटेकोरांनी आधी नाही म्हटलं, जबाबदारीचं काम आहे म्हटलं, आपली स्कूटरच बरी म्हटलं आणि हे सगळं म्हणत असतानाच किल्ली खिशात टाकली.

घरी येताना बायको म्हणाली, "गाडी फक्त फिरवायची आहे. तपासायची नाही."

"मी कशाला तपासू?" काटेकोर म्हणाले. कॉलनीच्या फाटकातून आत शिरेपर्यंत त्यांनी पडद्यावरचा आकडा अकरा वेळा पाहिला होता. तो खरंच पंचवीसच्या आसपास होता.

गाडीने कॉलनीत दोन गाड्यांची जागा व्यापली आणि तिसऱ्या गाडीचा उजेड. तासाभरात लोक जमले. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर हातात पेपर घेऊनच आले होते. काटेकोरांनी त्यांना उलट्या ॲव्हरेजचं कोडं सांगितलं आणि तिथेच चूक झाली. कोडं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. कुणी म्हणालं, परदेशी इंजिन आहे, त्याला हळू चालायचीच सवय असणार. कुणी म्हणालं, टायरमध्ये हवा जास्त भरा म्हणजे खरं काय ते कळेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की एवढ्या गाडीला पेट्रोल लागतंच कशाला, श्रीमंतांच्या गाड्या विजेवर चालतात ना? मॅनेजरांनी सगळ्यांना हाताने थांबवलं आणि निकाल दिला की प्रयोग करावा लागेल, आणि प्रयोगाला साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून ते स्वतः मोकळेच होते.

प्रयोग साधा होता. टाकी काठोकाठ भरायची, गावात साठ किलोमीटर फिरायचं आणि परत काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहायचं. साठ भागिले लागलेले लिटर, झालं ॲव्हरेज. पण पेट्रोल मोजायचं कशाने? पंपाच्या मीटरने? ज्या माणसाने उभी हयात पंपांच्या मीटरवर अविश्वास दाखवण्याचा पगार घेतला, त्याने आता त्याच मीटरवर विसंबायचं? काटेकोरांच्या मनाला ते पटेना. ऑफिसच्या कपाटात तपासणीसाठीचं पाच लिटरचं प्रमाणित माप होतं. तांब्याचं, उंच मानेचं, वर सरकारी शिक्का. रविवारपुरतं ते घरी आलं.

पंपावरच्या पोराने निरीक्षकसाहेबांना त्या काळ्या गाडीतून उतरताना पाहिलं आणि त्याच्या हातातली नळी खालीच आली. साहेबांनी डिकीतून सरकारी माप काढलं. त्यात पेट्रोल घेतलं, रेघेशी डोळा लावला, मान डोलावली आणि नरसाळ्याने ते गाडीत ओतलं. परत घेतलं, परत ओतलं. टाकी काठाला येईपर्यंत हे चाललं. मॅनेजर बाजूला उभे राहून मोठ्याने मोजत होते. मागे सहा गाड्यांची रांग लागली आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाने हा देखावा आपापल्या परीने समजून घेतला. काटेकोरांनी पैसे चोख दिले, पण तोवर बघणाऱ्यांपैकी निम्मे निघून गेले होते.

मग साठ किलोमीटर. मॅनेजरांचं म्हणणं पडलं की प्रयोग न्याय्य व्हायचा तर एसी बंद हवा, काचा बंद हव्यात आणि पाय पेडलवर असा ठेवायचा की जणू खाली अंडं आहे. त्या लोखंडी राजवाड्यात दोन प्रौढ माणसं घामाने निथळत बसली होती आणि गाडी रमतगमत चालली होती. भाजीवाल्याने हातगाडी ढकलत ओव्हरटेक केलं. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला गाडी बंद पडल्यासारखी वाटली. त्याने दोन माणसं बोलावून मागून धक्का द्यायला लावला. काटेकोर काच खाली करून नको नको म्हणेपर्यंत गाडी पन्नास पावलं फुकट पुढे गेली. मॅनेजरांनी ती पन्नास पावलं अंतरातून वजा केली.

नंतर एका बोळात वळताना उजवा आरसा विजेच्या खांबाला लागला. फार नाही, काच तेवढी तडकली. काटेकोरांनी गाडीच्या कंपनीच्या दुकानात फोन करून किंमत विचारली. ऐकल्यावर त्यांनी नम्रपणे सांगितलं की गाडी नको आहे, फक्त आरसा हवाय. पलीकडचा मुलगाही तितक्याच नम्रपणे म्हणाला की ही आरशाचीच किंमत आहे. तेवढ्या पैशांत त्यांची स्कूटर आली होती, हेल्मेटसकट. त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा त्या गाडीविषयी कुतूहलाबरोबर थोडी कीवही वाटली. इतका महाग आरसा असलेल्या वस्तूने रोज रस्त्यावर यायचं म्हणजे केवढी जोखीम.

संध्याकाळी परत पंपावर. एक माप गेलं, पाच लिटर. दुसरं गेलं, दहा. टाकी भरेना. तिसरं माप संपता संपता पेट्रोल काठाला आलं.

"पंधरा," मॅनेजर म्हणाले. "साठ भागिले पंधरा, चार."

"चार?"

"चार. लिटरला चार."

गाडीच्या पडद्यावर मात्र ठळक पंचवीस होते. काटेकोर सीटवर बसून त्या आकड्याकडे बघत राहिले. मॅनेजर म्हणाले, माप गळतंय. काटेकोरांना हे आपल्या खात्याचाच अपमान केल्यासारखं लागलं. खऱ्या आणि खोट्या आकड्याचं एकमेकांशी काहीतरी नातं असणार, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. इकडे चार. तिकडे पंचवीस. चार आणि पंचवीस. लहानपणी ओट्यावर बसून घोकलेला पाढा आपोआप ओठांवर आला.

"पंचवीस चोक शंभर," ते म्हणाले.

"काय?"

काटेकोरांनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला आणि पडद्याशी नाक नेलं. आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत माप लिहिलं होतं. शंभर किलोमीटरला लागणारे लिटर. गाडी लिटरला पंचवीस किलोमीटर देत नव्हती. शंभर किलोमीटरला पंचवीस लिटर पीत होती. आकडा जितका मोठा, तितकी गाडी तहानलेली. म्हणून हायवेला बारा आणि गावात पंचवीस. काही उलटं नव्हतंच, वाचणारेच उलटे होते.

मॅनेजर खूश होऊन हसू लागले. काटेकोरांना हसू आलं नाही. पुड्यांवर माप बारीक अक्षरांत छापलं म्हणून त्यांनी कित्येक दुकानदारांना दंड केला होता. माप न वाचता आकडा वाचू नये, हे त्यांनी शाळांमध्ये जाऊन व्याख्यानांत सांगितलं होतं. आणि स्वतः आठवडाभर नुसत्या आकड्याकडे बघून चकित होत होते. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

मग त्यांचे हात थांबले. गाडी चार देत असेल, तर टाक्यांवर टाक्या संपणारच. म्हणजे पेट्रोल कुणी काढलंच नव्हतं.

ड्रायव्हरचा पत्ता मेहुणीच्या शेजारणीकडून मिळाला. तो आता एका शाळेची व्हॅन चालवत होता. काटेकोर गेले तेव्हा व्हॅनच्या सीटखालून मुलांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता. कोण, कशासाठी, हे ऐकल्यावर त्याने बाटल्या एका ओळीत लावल्या आणि मगच बोलला.

"मी साहेबांना म्हणालो होतो, गाडी पिते. त्यांनी मला पडदा दाखवला. म्हणाले, ही काय खोटं बोलते? मला त्या पडद्यातलं काय कळणार? मीच म्हटलं, असेल बुवा पंचवीस. मग पेट्रोल जातं कुठे, ते मलाही कळेना." त्याने एक बाटली सरळ केली. "घरी बायकोनेही एकदा विचारलं. खरं सांगा म्हणाली."

काटेकोरांनी त्याला पंचवीस चोक शंभर समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे साहेबांना कोण सांगणार? काटेकोर म्हणाले, मी. आणि परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवली, कारण साडूला चूक दाखवणं म्हणजे बायकोच्या माहेराला चूक दाखवणं.

पण त्याआधी दुसरंच निघालं. ऑफिसात त्यांच्याविरुद्ध निनावी तक्रार आली होती. निरीक्षक आलिशान गाडीतून फिरतात. पंप तपासण्याच्या नावाखाली सरकारी मापाने फुकट पेट्रोल नेतात. सोबत एक माणूस ठेवलाय, तो मोजतो.

चौकशीसाठी वरच्या ऑफिसातून एक बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, पेन सरळ ठेवणाऱ्या. काटेकोरांनी पावत्या दाखवल्या, गाडी साडूंची आहे हे सांगितलं आणि मग सगळं खरं सांगितलं. फिरतीत त्यांनी दुकानदारांच्या कितीतरी सबबी ऐकल्या होत्या, पण आपल्याच तोंडून बाहेर पडणारी ही हकिगत त्यांना त्या सगळ्यांपेक्षा लंगडी वाटली. परक्याच्या गाडीचं ॲव्हरेज काढण्यासाठी कुणी रविवार, सरकारी माप आणि स्वतःचे पैसे घालवतं का?

"का केलंत पण?" बाईंनी विचारलं.

"जाणून घ्यावंसं वाटलं," काटेकोर म्हणाले.

बाईंनी प्रात्यक्षिक मागितलं. गाडीत बाई, त्यांचा कारकून आणि साक्षीदार म्हणून पुन्हा मॅनेजर. यावेळी मापं दुसऱ्या ऑफिसातून मागवली होती. अर्धा रस्ता अगदी सुरळीत पार पडला. मग मॅनेजरांनी पाय लांब केले आणि त्यांचा गुडघा कसल्याशा बटणाला लागला. गाडीने आतून हुंकार दिला, पडद्याचा रंग लाल झाला, आणि इतके दिवस अंड्यावरून चालणारं ते जनावर एकदम सुटलं. कारकुनाची फाईल मागच्या काचेवर आदळली. मॅनेजरांनी डोळे मिटून घेतले. काटेकोरांनी कशीबशी गाडी आवरली आणि रस्त्याच्या कडेला थांबवली. त्यांना वाटलं, नोकरी गेली.

बाईंनी पदर सारखा केला. समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ते बटण परत दाबा. पुढचा रस्ता मोकळा आहे."

त्या दिवशीचं ॲव्हरेज तीनवर आलं. बाईंनी तीन गुणिले पडद्यावरचा तेहतीस असा हिशोब केला, नव्याण्णव आले, आणि पहिल्यांदाच हसल्या. आरोप खोटे ठरले. सरकारी माप घरी नेल्याबद्दल मात्र लेखी ताकीद मिळाली. काटेकोरांच्या स्वच्छ सेवापुस्तकावरचा तो पहिला डाग. तो त्यांना इतका लागला की दोन दिवस त्यांनी दुधाची रेघही पाहिली नाही. बाई जाताना दारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या की आमच्याकडेही एक छोटी गाडी आहे, हे म्हणतात चोवीस देते. तुम्हाला सवड असेल तेव्हा बघाल का?

साडूसाहेब परतले. काटेकोर गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले, सोबत बायको. रस्ताभर बायको सांगत होती की सगळ्यांसमोर बोलू नका, बाजूला घेऊन बोला, आवाज चढवू नका आणि मुख्य म्हणजे पाढा म्हणून दाखवू नका.

पार्किंगमध्ये दोघे साडू गाडीतच बसले. काटेकोरांनी आधी आरशाचं सांगितलं. नवा बसवला होता, त्यापायी बायकोच्या ठेवींपैकी एक मोडली होती. साडूसाहेब म्हणाले, एवढंच ना? मग काटेकोरांनी स्वतःचा जवळचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि आकड्याखालची अक्षरं वाचायला सांगितली.

साडूसाहेबांनी वाचलं. परत वाचलं. काटेकोरांना वाटलं होतं, ते वाद घालतील. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "दादा, हे मी किती जणांना सांगितलंय माहितीये? पंचवीस म्हणून?"

"पाहुण्यांचं जाऊ द्या."

"हो." चष्मा त्यांच्या हातातच होता. "त्याला माहितीये?"

"माहितीये."

साडूसाहेबांनी तिथल्या तिथे फोन लावला. पगार वाढवून देतो, उद्यापासून ये, असं म्हणाले. पलीकडून ड्रायव्हर काय बोलला ते काटेकोरांना ऐकू आलं नाही. साडूसाहेबांचा चेहरा उतरत गेला तेवढा दिसला. फोन ठेवून ते म्हणाले, "यायचं नाही म्हणतो. व्हॅन बरी आहे म्हणतो. पगार नको. जिथे चोर म्हणालात तिथे येऊन फक्त एकदा नाही म्हणा, म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे ड्रायव्हर गाड्या पुसत असतात त्या वेळी, साडूसाहेब खाली उतरले. ड्रायव्हर व्हॅन बाहेर लावून आला होता, बरोबर बायकोही होती. काटेकोर आपल्या बायकोसह एका खांबाशी उभे राहिले. वॉचमन आणि सात-आठ ड्रायव्हर हातातली फडकी थांबवून बघत होते.

साडूसाहेबांनी सुरुवात फार लांबून केली. परदेशात माप कसं वेगळं असतं, पडदा कसा आणि अक्षरं किती बारीक. शंभर किलोमीटर, पंचवीस लिटर, चार किलोमीटर, सगळं एकमेकांत गुंतलं. कुणालाच काही कळेना. वॉचमनला वाटलं, पार्किंगचे नवे नियम सांगतायत. ड्रायव्हरची बायको नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा जमिनीकडे. काटेकोरांना मदत करायची फार इच्छा झाली, पण बायकोने हात धरून ठेवला होता.

साडूसाहेब मध्येच थांबले. चेहरा पुसला.

"मला गाडीतलं वाचता आलं नाही," ते म्हणाले. "ह्याने काही घेतलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर चोर म्हणालो, ते खोटं होतं. माझं चुकलं."

हे मात्र सगळ्यांना कळलं. ड्रायव्हरने वर पाहिलं, मान हलवली. त्याची बायको पुढे आली आणि पार्किंगमधल्या एकेकाकडे नीट बघून घेतलं, जणू ऐकलंत ना सगळ्यांनी, असं विचारत होती. मग दोघं निघाले; शाळेची वेळ झाली होती.

गर्दी पांगेना. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांचा ड्रायव्हर, जवळजवळ तसलीच पांढरी गाडी पुसणारा, फडकं पिळत साडूसाहेबांजवळ आला.

"साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे आमच्या साहेबांनाही सांगाल का? ते गेले दोन महिने माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतायत."

त्याच्या मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले होते. साडूसाहेबांनी गोंधळून काटेकोरांकडे पाहिलं. काटेकोरांनी बायकोच्या हातातून अलगद हात सोडवला, शर्टाच्या खिशातला जवळचा चष्मा चाचपला आणि त्या पांढऱ्या गाडीकडे निघाले.

"दार उघडा बरं," ते ड्रायव्हरला म्हणाले. "पडद्यावर किती दाखवते?"